२१ दिवसांचं चॅलेंज राहू द्या, चमच्यावरची शीग आधी पाडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही आठवडे आपल्या आरोग्य पुरवणीत '२१ दिवस साखर बंद' असं चॅलेंज चालू आहे, रोजचा एक चौकोन, साखर खाल्ली नाही की त्यावर फुली मारायची आणि शेवटच्या चौकोनात ट्रॉफीचं चित्र. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो तक्ता बघून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले, कारण अशी तारीख ठरवून साखर सोडणारे माझ्या आजूबाजूला भरपूर झालेत आणि बाविसाव्या दिवशी त्यांचं काय होतं तेही मी बघितलंय. बाविसाव्या दिवशी पार्टी, तेविसाव्या दिवशी उरलेला केक, आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. वर पुन्हा 'माझ्यात विलपॉवरच नाही' असं स्वतःलाच बोल लावणं चालू.

माझं म्हणणं एवढंच आहे की साखर कमी करायची तर ती कायमची कमी व्हायला हवी, आणि कायमची व्हायची असेल तर सावकाश व्हायला हवी. आज कडक बंद आणि उद्या मोकाट, ही पद्धतच माणसाला जास्त हावरं करते.

हे मी मनचं सांगत नाहीये. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अवेना यांनी उंदरांवर प्रयोग केले होते, ते बरेच गाजले, २००८ साली त्यावरचा त्यांचा मोठा लेखही आला आणि तेव्हापासून 'साखर म्हणजे ड्रगच' अशा हेडलाइन सगळीकडे फिरतायत. पण त्या प्रयोगात उंदरांना रोज १२ तास उपाशी ठेवायचे आणि मग पुढचे १२ तास साखरेचं पाणी आणि नेहमीचं खाणं समोर ठेवायचे, हा भाग हेडलाइनवाले सोडून देतात. असं रोज चाललं की उंदीर साखर दिसली रे दिसली की तुटून पडायचे. आणि ज्यांना साखरेचं पाणी दिवसभर समोर होतं ते उंदीर तसे वागले नाहीत. म्हणजे गोम नुसत्या साखरेत नव्हती, बंद-चालू बंद-चालू करण्यात होती. उंदरांवरून माणसाचं सगळं ठरत नाही हे मान्य, आणि साखरेचं व्यसन हा आजार म्हणून मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम-५ या आजारांच्या अधिकृत यादीतही नाही, त्यामुळे 'मी साखरेचा अ‍ॅडिक्ट आहे' असं म्हणून घाबरून जायचंही कारण नाही. पण २१ दिवस बंद आणि मग ट्रॉफी, यात आणि त्या १२ तासांच्या वेळापत्रकात मला फारसा फरक दिसत नाही बघा.

आता त्याच पुरवणीच्या पाठच्या पानाबद्दल. चॅलेंजच्या पाठीला 'साखर न घालता केलेला केक' अशी पाककृती छापली आहे. त्यात अर्धी वाटी मध, वर खजुराची पेस्ट, वर सफरचंदाचा आटवलेला रस. अहो मधात साधारण ८० टक्के साखरच असते, बाकीचं बरंचसं पाणी. ब्राऊन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेला जराशी मळी लागलेली, गुळातही बहुतांश साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली त्यात साखर मोजताना कारखान्यात घातलेली, स्वयंपाकघरात घातलेली आणि ताटात वरून घेतलेली साखर तर धरलीच, पण मध, सिरप, फळांचा रस आणि आटवलेला रस यातली साखरही धरली. अख्खं फळ आणि दुधातली नैसर्गिक साखर तेवढी सोडली. त्यामुळे तो केक खाऊन चौकोनावर फुली मारणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. केक वाईट असतो असं मी म्हणत नाही, खावा की कधीतरी, पण केक म्हणून खावा.

त्याच सूचनेतला आकडा तुमच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात हवा होता. दिवसभरात जेवढ्या कॅलरी आपण घेतो त्याच्या १० टक्क्यांपेक्षा कमी अशा साखरेतून याव्यात, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या खाली जावं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण ६ चमचे. ग्रॅम कुणाच्या डोळ्यासमोर येत नाहीत हो, चमचे येतात.

आणि एकदा चमचे मोजायला लागलं की कळतं खरी साखर कुठे बसलीय ते. लोक बिचारे चॉकलेटचा एक तुकडा नाकारतात आणि जेवणाबरोबर कोल्ड्रिंक पितात. ३३० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, दिवसाचे ६ चमचे तिथेच संपले, वर दोनेक चमचे उधारी. संत्र्याचा रस, अगदी घरी काढलेला, वरून कणभर साखर न घातलेला, एक मोठा ग्लास घेतला तरी २० ते २५ ग्रॅम. तीच संत्री सोलून खायची म्हटलं तर दोन खाऊन माणूस थांबतो, रसात तीन-चार कधी गेली कळत पण नाही, चोथाही गेलेला असतो. प्यायलेल्या कॅलरीने पोट भरल्यासारखं वाटत नाही, जेवण आपलं तेवढंच होतं. टोमॅटो सॉसच्या एका मोठ्या चमच्यात चहाचा जवळजवळ एक चमचा साखर असते, तो तर कुणी गोडात धरतच नाही. आणि चहा-कॉफी. दिवसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे, सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी ३२ ग्रॅम झाले आणि आपण म्हणतोय मी आज गोड काहीच खाल्लं नाही!

सपाट चमचा म्हटलं खरं, पण सपाट घेतं कोण. माझ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी आधी हेच सांगते की साखर सोडू नका, डब्यातून चमचा वर काढला की त्यावर जी शीग असते ती बोटाने पाडा. बस, पहिले दोन आठवडे एवढंच. कुणाला चव बदलल्याचं कळत पण नाही. मग पुढे पाऊण चमचा, मग अर्धा. घाई नाही. ज्यांनी एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केला त्यातले बरेच जण चार दिवस तोंड वाकडं करून पितात आणि पाचव्या दिवशी परत दोन चमचे, आणि हळूहळू उतरलेले मात्र सहसा टिकतात, असं निदान माझ्या बघण्यातलं आहे.

जिभेला सवय होते हे खरं आहे पण त्यातही थोडी गंमत आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या लोकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात काही जणांनी तीन महिने साध्या साखरेतून येणाऱ्या कॅलरी साधारण ४० टक्क्यांनी कमी केल्या, बाकीच्यांनी नेहमीसारखंच खाल्लं. तिसऱ्या महिन्यापर्यंत साखर कमी केलेल्यांना तेच पुडिंग इतरांपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. पण किती गोड आवडतं, त्यात मात्र फरक पडला नाही. म्हणजे 'आता मला गोड आवडतच नाही' असं होईल याची वाट बघत बसू नका, नाही होणार कदाचित. जन्मलेल्या बाळालासुद्धा गोड आवडतं, ती आवड काय अशी जाणार आहे. फक्त कमी साखरेत तेवढंच गोड लागायला लागतं, आणि आपलं काम तेवढ्याने भागतं. आणि बघा, तीन महिने लागले, २१ दिवस नाही.

आता तल्लफ, क्रेव्हिंग. तुमच्या लेखात याबद्दल एकच वाक्य आहे, 'मन घट्ट करा'. अहो मन घट्ट करून जमलं असतं तर पुरवणी कशाला काढावी लागली असती.

ऑफिसमधले चार वाजलेले आठवा. डोळे स्क्रीनवर, डोकं बधिर झालेलं, आणि हात आपोआप खालच्या ड्रॉवरकडे जातो. भूक आहे का? नाही, जेवण दोन वाजता झालंय. पण त्या क्रीमच्या बिस्किटांचं अर्धं पाकीट तिथे आहे हे हाताला माहीत असतं, कोपरा दुमडून रबर लावलेलं पाकीट. पहिलं बिस्किट छान लागतं. दुसरं ठीक. चौथं-पाचवं आपण खातोय हे सुद्धा लक्षात नसतं, मेल वाचता वाचता पाकिटाच्या तळाला चुरा लागतो तेव्हा कळतं. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलंय, की एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं वेगळं आणि ती खाताना बरं वाटणं वेगळं, मेंदूत दोन्हीच्या वाटा वेगळ्या. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः हवंहवंसं वाटण्याशी. म्हणून पाचव्या बिस्किटात मजा काही नसते तरी हात थांबत नाही. यात चारित्र्याचा, मनाच्या कमकुवतपणाचा काय संबंध?

मग करायचं काय. 'विचारच करू नका' हा सल्ला तर सगळ्यात वाईट. २००८ च्या एका प्रयोगात ज्या बायकांना चॉकलेटचा विचार मनातही आणू नका असं सांगितलं होतं त्यांनीच नंतर जास्त चॉकलेटं खाल्ली. दाबलं की उसळतं ते. त्यापेक्षा मला पटलेली गोष्ट म्हणजे तल्लफ ही बऱ्याच अंशी डोळ्यापुढचं चित्र असते. तो केकचा तुकडा, त्यावरची चकाकी, तोंडात विरघळताना कसं वाटेल ते, असं सगळं मन रंगवत बसतं आणि जेवढं रंगवेल तेवढी तल्लफ वाढते. प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी यावरून एक भन्नाट प्रयोग केला, लोकांना नुसता ३ मिनिटं टेट्रिस खेळायला दिला, ते ठोकळे बसवायचा जुना व्हिडिओ गेम, आणि तल्लफ कमी झाली. कारण डोळ्यांची ती जागा ठोकळ्यांनी अडवली. म्हणून तल्लफ आली की पुस्तक वाचा वगैरे सांगण्यापेक्षा डोळ्यांना गुंतवणारं काहीतरी करा, कोडं, चित्र, ड्रॉवर आवरणं, अगदी मोबाइलवरचा गेम. मोबाइलला चांगलं म्हणायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

दुसरं म्हणजे उठून चाला. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात चॉकलेटची सवय असलेल्या लोकांना दोन दिवस चॉकलेटपासून लांब ठेवलं, मग काहींना १५ मिनिटं भरभर चालायला लावलं आणि सगळ्यांना टेबलावर काम दिलं, बाजूला चॉकलेटची वाटी. चालून आलेल्यांनी न चाललेल्यांच्या जवळजवळ निम्मंच खाल्लं. १५ मिनिटं! चहाच्या ब्रेकमध्ये बसतात तेवढी.

आणि तिसरं, काहीच न करता बघत बसणं. अ‍ॅलन मार्लट म्हणून सिएटलचे मानसशास्त्रज्ञ होते, व्यसनांवर काम करायचे, ते म्हणायचे की तल्लफ लाटेसारखी चढते, टोकाला जाते आणि आपोआप ओसरते, तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर स्वार व्हा. आपल्याला वाटत असतं की खाल्लं नाही तर ती वाढत वाढत शेवटी वेड लावेल. तसं होत नाही. तोंडाला पाणी सुटलंय, घशात काहीतरी होतंय, हात चुळबुळतोय, हे नुसतं बघायचं, थोड्या वेळाने लक्षात येतं की गेली. परत येईल, तो भाग वेगळा.

पण हे सगळं त्या क्षणाचं झालं. क्षण मुळात येऊच नये म्हणून बघायचं तर माझ्या मते झोप पहिली, आणि झोपेबद्दल तुमच्या लेखमालेत एक ओळ नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ धडधाकट तरुणांना दोन रात्री फक्त ४-४ तास झोपू दिलं, आणि मग त्यांचीच तुलना १०-१० तास झोपलेल्या रात्रींशी केली. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन कमी झालं, भूक साधारण २४ टक्क्यांनी वाढली, आणि हवं काय होतं तर गोड, खारट, पिष्टमय, असलंच सगळं. रात्री एक वाजेपर्यंत सिरीज बघायची आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता विलपॉवर शोधायची, कशी सापडणार. तसंच जेवणाचं. सकाळी नुसता चहा आणि टोस्ट, दुपारी घाईत चार घास, मग संध्याकाळी गोडावर हल्ला होणारच. डाळी, अंडी, दही, दाणे, भाज्या असं पोटात टिकणारं दोन्ही वेळेला असलं की निम्मी लढाई तिथेच सोपी होते.

'गोड खाल्लं की तरतरी येते' असं सांगणारे भेटतातच. २०१९ मध्ये ३१ अभ्यास एकत्र करून तपासले गेले त्यात मूड सुधारल्याचं काही दिसलं नाही, उलट अर्ध्या तासात थकवा आणि तासाभरात सतर्कता कमी. आणि एक काका प्रत्येक ठिकाणी असतात जे म्हणतात मेंदूला साखर लागते. लागते की, ग्लुकोज लागतं, दिवसाला १०० ग्रॅमच्या वरच लागतं, पण ते भात, पोळी, ब्रेड, बटाटा कशातूनही मिळतं आणि कमी पडलं तर यकृत स्वतः तयार करतं. त्यासाठी जेलीच्या गोळ्या चघळायची गरज नाही.

शुगर-फ्री गोळ्यांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनेच मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हिया असल्या गोष्टी वापरू नयेत, अर्थात आधीपासून डायबेटिस असलेल्यांना ती सूचना लागू नाही. दोन-तीन महिने कोल्ड्रिंकमधून बाहेर पडायला कुणी डाएट प्रकार घेतला तर माझी हरकत नाही, पण जीभ तेवढ्याच गोडाला चटावलेली राहते हे लक्षात असू द्यावं. आणि पाकिटावरची यादी वाचायची सवय लावा, जे जास्त ते आधी असा तिचा क्रम असतो, पण कंपन्या हुशार, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, फळांचा कॉन्सन्ट्रेट अशी चार नावांनी थोडी थोडी साखर घालतात म्हणजे कुठलंच नाव पहिलं येत नाही. चारही एकत्र मोजा.

संपादक महोदय, आता मागणी. चौकोनांचा तक्ता बंद करून त्या जागी चमच्यांचा तक्ता छापा, कोल्ड्रिंक, रस, चहा, सॉस, फ्लेवरचं दही, बिस्किट, प्रत्येकापुढे किती चमचे ते. फ्रिजवर चिकटवता येईल असा. ज्याला जे कमी करायचं ते तो करेल, एका वेळी एक, आणि आधी पेयं.

आणि एक गोष्ट मात्र आजच्या आज करायला हवी. तुमच्या चॅलेंजमध्ये कुठेही लिहिलेलं नाही की इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता एकदम साखर आणि पिष्ट तोडलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. माझ्या मोठ्या भावाचं इन्सुलिन चालू आहे आणि तुमचा तक्ता त्यानेच मला उत्साहाने दाखवला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसली की शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून किंवा अर्धा ग्लास रस द्यायचा, १५ मिनिटांनी परत तपासायचं, त्या वेळी पथ्य वगैरे काही बघायचं नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे चौकटीत, ठळक, तक्त्याच्या वर छापा, तळाला बारीक अक्षरात नको. आणि ज्यांना पूर्वी खाण्याचे विकार झालेत, म्हणजे उपाशी राहणं, भसाभस खाऊन उलट्या काढणं, त्यांनी 'पूर्ण बंद' असले नियम स्वतःहून लावून घेऊ नयेत, आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, हेही त्याच चौकटीत येऊ द्या.

कळावे,
आपली एक नियमित वाचक